गोणपाटावरचे गुलाब

१६ सप्टेंबर १९३४, रविवार

गालिचे भरायचा तो हूक बाबांनी माझ्यासाठी केला होता, आईसाठी नाही. हे मी निघायच्या दिवशी सांगितलं, बोटीत पाय ठेवताना सांगितलं, आणि आता पत्रातही तिसऱ्यांदा लिहिणार आहे. दहा वर्षांचा असताना मासे वाळवायच्या मचाणावरून पडून माझा पाय मोडला आणि अख्खा हिवाळा मी चुलीशेजारच्या बाकावर आडवा होतो. तेव्हा फुटलेल्या गलबताचा एक खिळा बाबांनी घासून घासून बारीक केला, टोकाला खाच पाडली, बर्चच्या लाकडी मुठीत बसवला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "हात चालता ठेव, म्हणजे तोंड बंद राहील." तो सुळसुळ चालतो म्हणून नंतर आई वापरायला लागली. वापरला म्हणून काय तिचा झाला?

आता पत्र आलंय. आईला लिहिता येत नाही, किझाया लिहिते. किझाया माझी मोठी बहीण. ती शाळेत पाचवं पुस्तक संपवून बाहेर पडली, म्हणून आईची जीभ तिच्या हातात. मी तिसऱ्यातच शाळा सोडली. "आई म्हणते, हूक परत पाठव, घरातला दुसरा बोथट आहे. आई म्हणते, लाकूडतोड्यांच्या तळावर बायकांचं काम काय मिरवतोस. आई म्हणते, हेरिंग माशांची बोट अर्ध्यात सोडलीस, खाण अर्ध्यात सोडलीस, निदान इथे तरी शेवटपर्यंत टिक."

हूक पाठवणार नाही. टिकायचं बघू.

पत्रात एक दोरी निघाली. दोन्ही टोकांना गाठ. ही आमच्या ड्रुसीच्या पावलाची लांबी. ड्रुसी सगळ्यात धाकटी, सहा वर्षांची, बाबा बुडाले तेव्हा चारची होती. निघताना मी तिला बूट कबूल केले आहेत, बर्फ पडायच्या आत. खाली तिने स्वतः पेन्सिलीने लिहिलंय, अर्धी अक्षरं उलटी: "टोकाला जागा ठेव. मी वाढते आहे."

दोरी तंबाखूच्या डबीत ठेवली.

२ ऑक्टोबर

झाड कापायचं, फांद्या तासायच्या, मापाचे तुकडे करायचे, ढीग लावायचा. पुन्हा झाड. संध्याकाळी पाठ लाकडाची होते आणि लाकूड गिरणीवाल्यांचं. जेवायला बीन्स, काकवी, खारवलेला कॉड मासा. आठवड्याने उलट क्रम, म्हणजे कॉड, काकवी, बीन्स.

रात्री दिवा मालवेपर्यंत दोन तास मिळतात. बाकीचे पत्ते कुटतात. मी घोड्यांच्या दाण्याचं रिकामं पोतं उसवून गोणपाट काढलं, चार काठ्यांच्या चौकटीवर ताणून शिवलं आणि बसलो. डावा हात गोणपाटाखाली, त्यात चिंधीची पट्टी. उजव्या हातात हूक. वरून भोसकायचा, खालची पट्टी पकडायची, फासा वर काढायचा. शेजारी दुसरा. एवढंच. शंभर फासे झाले की डोक्यातली वटवट थांबते. मला नुसतं बसणं जमत नाही, लहानपणापासून.

आमच्या गावात गालिचे फक्त नाताळ झाल्यावर करतात, पुरुष घरी आणि मासे पिंपात असतात तेव्हा. वसंतात चौकट माळ्यावर जाते. उन्हाळ्यात हातात हूक दिसला तर म्हणतात, या घराला दुसरं काम नाही. मी बारा महिने करतो. घराला नसेल काम, माझ्या हातांना लागतं.

क्लेम नावाचा एक प्राणी माझ्या वरच्या बाकावर झोपतो. आज खाली वाकून म्हणाला, "काय सेल्बीबाई, लग्नाचं रुखवत का?"

मी म्हटलं, "तुझ्याच लग्नाचं. नवरी घोडी आहे म्हणून दाण्याचं पोतं घेतलं."

सगळे हसले. इसॉकाकाही हसले. म्हातारे आहेत, साठ तरी असतील, आमच्याच किनाऱ्याचे, तीन खाड्या पलीकडचे. अकरा मुलं, त्यांतली सात हयात. ते मला काही बोलत नाहीत. उलट चुलीतला कोळसा घेऊन गोणपाटावर नक्षी काढून देतात. आमच्याकडे नक्षी पुरुषांनीच काढायची असते, बायकांनी भरायची. मी दोन्ही करतो म्हटलं तर म्हणाले, "तुझी रेघ वाकडी आहे पोरा. तू बायकांचंच काम कर."

२० ऑक्टोबर, शनिवार

मोठी गोष्ट झाली. मुकादमाची बायको पेठेवर राहते, तळापासून सात मैल. ती घोडागाडीतून इथे आली होती, स्वयंपाक्याशी काही बोलायला. माझी चौकट पाहिली. म्हणाली, मला एक कर. पाच फूट लांब, मध्ये गुलाबांचं वेटोळं, आणि गुलाब लाल पाहिजेत, विटकरी नाही, रक्तासारखे. बारा डॉलर देईन.

बारा डॉलर! इथे महिनाभर करवत ओढून, खाणं आणि बिछाना कापून, तेवढे हातात पडत नाहीत. शिवाय करवतीचे पैसे वसंतात. नदी मोकळी होऊन लाकडं खाली गिरणीपर्यंत पोचली की मग हिशेब. मध्येच कोणी निघून गेला तर त्याचं आतापर्यंतचं सगळं मुकादमाच्या खिशात.

माझ्याकडे उचल म्हणून घेतलेले दोन डॉलर होते, ड्रुसीच्या बुटांसाठी बाजूला काढलेले. पेठेवरच्या दुकानातून हिरवा रंग, पिवळा रंग आणि दोन पुड्या लाल आणल्या. आता दोन घातले की नंतर बारा येणार. बूट दोन महिने उशिरा, पण चामड्याचे, आत लोकर लावलेले. एवढा विचार मलाही करता येतो.

११ नोव्हेंबर

लाल रंग फसला. उकळलं, मीठ घातलं, व्हिनेगर स्वयंपाक्याकडून मागून घातलं, तरी पट्ट्या विटकरीच निघाल्या. क्लेम म्हणतो, गुलाब नाही, गाजराची भाजी.

घरून गाठोडं आलं. किझायाने लिहिलंय, "हूक तुझ्याकडे, तर चिंध्यांचं आम्ही इथे काय करू. घे." आईचा राग असा असतो, देतानाही तोंडावर फेकल्यासारखा. आत बाबांची विजार, जिचं नुसतं कंबरेचं धडूत उरलं होतं. पावलं नसलेले मोजे. आईचा परकर, इतका ठिगळलेला की मूळ कापड कुठलं ते सापडेना. आमच्या घरात, आणि किनाऱ्यावरच्या कुठल्याच घरात, अंगावर चढण्यासारखी वस्तू गालिच्यात जात नाही. मोठ्याची मधल्याला, मधल्याची लहानाला, लहानाची शेजारच्या लहानाला. सगळ्यांना नको झाली की गोणपाटाला. बाबांचा निळा स्वेटर माझ्या अंगावर आहे, तोच पुढे कोणाच्या तरी जाईल.

यात लाल काही नाही. मी पत्रात लिहिलं, कुठे लाल लोकर असेल, बाही, टोपी, काहीही, तर पाठवा. घरात लाल वस्तू एकच आहे, ड्रुसीचा कोट, ते मला माहीत आहे. गेल्या वर्षी बॉस्टनहून धर्मादायाचं पिंप आलं, त्यात निघाला. अस्सल लोकर, पिकलेल्या बेरीसारखा. पिंप उघडलं तेव्हा तिने त्यात मुंडकंच घातलं आणि कोटासकट बाहेर आली. घोट्यापर्यंत यायचा. झोपतानाही काढायची नाही. मी निघताना मला म्हणाली होती, "लहान झाला की तुला देईन. गुलाब कर. पण अजून मोठा आहे."

"कधी लहान होईल?"

"सात वर्षांची झाल्यावर बघू. आठ."

बाई अगदी सौदा करत होती.

२५ डिसेंबर

सुट्टी. डुकराचं मांस, मनुकांचं पुडिंग, एका माणसाला एक संत्रं. मी माझं संत्रं ड्रुसीसाठी ठेवावं म्हणून उशाशी ठेवलं आणि संध्याकाळी खाल्लं. गोठून खराब झालं असतं.

परवाच्या पत्रात, किझाया: "सरकारी शिध्याचं पीठ याही महिन्यात कोंड्याचं, तपकिरीच आहे. आईचे पाय सुजतात. ड्रुसीला खोकला आहे. शाळेत जाते, बाबांचे मोजे दोन-दोन घालून वर गोणपाट बांधून देते आई. पाणी आत शिरतं. बूट कधी येतात विचारते." खाली ड्रुसीचं: "मी पडले पण कोट मळला नाही."

गालिचा अर्ध्यावर आहे. पानं झाली, वेल झाली, कडेची काळी किनार झाली. गुलाबांच्या जागी नऊ भोकं आहेत, म्हणजे नुसतं उघडं गोणपाट. इसॉकाका म्हणाले, "फुलं नंतर येतात, आधी पाला." मी लिहून टाकलं की आता फेब्रुवारीत बूट नक्की, आणि लाल काही मिळालं तर पाठवा, त्यावरच सगळं अडलंय.

९ जानेवारी १९३५

क्लेमच्या पायावर झाड आलं. मोडला नाही, सुजलाय. बाकावर पडून दिवसभर मला शिकवतो, कुठली पट्टी कुठे. आज म्हणाला, "सेल्बीबाई, तो हूक दे बघू, मीही करतो, कोणाला सांगू नकोस." सात फासे काढले, सातही वेगळ्या उंचीचे. म्हटलं, हे काय, म्हाताऱ्याचे दात? त्याने शिव्या दिल्या आणि हूक परत केला.

२ फेब्रुवारी, शनिवार

खाडी गोठलीय, टपाल आता कुत्र्यांच्या गाडीने येतं. पत्र जुनं आहे, दोन आठवडे वाटेत. आणि किती लहान! किझायाने चार ओळी लिहिल्यात. "आम्ही ठीक. आईचे पाय आता बरे. बुधवारी पाद्री आले होते, आईने गालिचे सुलटे केले. थंडी फार आहे. शेवटपर्यंत टिक, मध्येच येऊ नकोस, आईने मुद्दाम सांगितलंय."

बुधवारी! आमच्याकडे गालिचे आठवडाभर उलटे असतात, चांगली बाजू जमिनीकडे, शनिवारी रात्री सुलटे करायचे, सोमवारी पुन्हा उलटे. मधल्या वारी कोणी मोठा माणूस आला तरच. पाद्री वर्षातून दोनदा येतात, आणि तेही उन्हाळ्यात बोटीने. भर हिवाळ्यात बर्फावरून कशाला आले? शिध्याच्या यादीचं काही असेल. आई गालिचे सुलटे करून पाद्र्यांना सरकारात शब्द टाकायला सांगत असेल.

पत्राखाली ड्रुसीचं काहीच नाही. रुसली असणार बुटांवरून. तिचा रुसवा महिनाभर चालतो. एकदा मी तिची बाहुली दाराच्या फटीला लावली वारा येऊ नये म्हणून, तर तिने ईस्टरपर्यंत मला "तो माणूस" म्हटलं.

१४ फेब्रुवारी

मिळाला! लाल मिळाला! गाठोड्यात तोच, ड्रुसीचा कोट, पूर्ण, एक बटण गेलेलं. किझायाची चिठ्ठी: "आई म्हणते, आता लहान झाला. तुला लाल हवा होता ना. चांगले कर गुलाब."

बघा, म्हणजे पोर वाढली. तपकिरी पिठावरही वाढली. तिनेच लिहिलं होतं ना, मी वाढते आहे. बूट आता मोठे लागतील, ती दोरी बाद. नवी मागवायला हवी. आणि सात वर्षांची व्हायला अजून जून आहे, म्हणजे सौद्याच्या आधीच दिला. रुसवा संपला तर.

कोटाला घरचा वास आहे, धूर आणि मासे. क्लेमने नाकाला लावला तर म्हणाला, "माझीही आई आहे यात."

१६ फेब्रुवारी

बाह्या उसवल्या, पट्ट्या कापल्या, दोन गुलाब भरून झाले. काय रंग! स्वयंपाकीही बघून गेला. इसॉकाका मात्र कोट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, आतली बाहेरची बाजू. विचारलं, "कोणाचा?"

"बहिणीचा. लहान झाला तिला."

"मधे कोणी दुसरी बहीण?"

"नाही. ही शेवटची."

"शेजारी? चुलत?"

"आहेत की. मामाच्या तीन आहेत." मग मीच म्हटलं, "पण मला हवा होता म्हणून आईने मला दिला." काका उठले. चहा आणून दिला, स्वतः. ते कोणाला चहा आणून देत नाहीत.

२० फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून वादळ. दार उघडत नाही, काम बंद, घोडेसुद्धा आत. सहा गुलाब झाले. पाठ आणि पुढच्या बाजू संपल्या. आता नुसता खालचा घेर उरला होता. मधल्या मोठ्या गुलाबासाठी तो ठेवला होता. शिवण उसवली आणि आतून कापडाची दुमड उलगडली. ती कधी उन्हात गेलेली नव्हती, पाण्यात गेलेली नव्हती. बाहेरचा लाल त्यापुढे फिका पडला. मी ओरडलोच, "काका, हे बघा, अस्सल रंग इथे लपवून ठेवलाय!"

काका आले. दुमडीवर हात ठेवला. आईची शिवण होती ती, बारीक, उलटा टाका, पुढेमागे उसवायला सोपी जावी अशी.

"सेल्बी," ते म्हणाले, "ही दुमड तू उसवलीस?"

"आत्ता."

"तुझ्याआधी कोणी उसवली नव्हती?"

"नाही. का?"

चुलीकडे गेले. पाठमोरे उभे राहिले. क्लेम वरच्या बाकावरून काहीतरी विनोद करणार होता, काकांनी हात वर केला तसा गप्प झाला.

मी मधला गुलाब निम्मा भरला.  मग हूक खाली ठेवला.

२१ फेब्रुवारी

चार बोटं. मी माझी बोटं ठेवून मोजली. घेरात चार, बाहीच्या टोकाला दोन होती, ती मी कापताना पाहिलीसुद्धा नाहीत. पोर वाढली असती तर आईने आधी ही दुमड सोडली असती. दोन हिवाळे निघाले असते. मग मामाच्या मधलीला. मग धाकटीला. मग मला.

२२ फेब्रुवारी

बुधवारी पाद्री आले होते. गालिचे सुलटे केले होते.

२४ फेब्रुवारी, रविवार

निघालो होतो. काल पहाटे सामान बांधलं, पाव घेतला. रेल्वेपर्यंत पंचेचाळीस मैल, पुढे बर्फावरून खाडी. इसॉकाका दाराशी बसले होते, बूट घालत.

"मी पण येतो मैलभर," म्हणाले. मग चालताना म्हणाले, "तुझ्या आईने तुला का नाही कळवलं?"

"मी सोडून येईन म्हणून. मी सगळं सोडतो."

"आणि?"

"आणि सोडून चाललोय."

"गेल्यावर काय करणार? जमीन गोठलेली आहे. पोरीला अजून मातीत ठेवलंही नसेल. आमच्याकडे मच्छीच्या कोठीत ठेवतात वसंतापर्यंत, तुमच्याकडेही तसंच असेल." मी चालत राहिलो. "तुझ्या आईने एकटीने ते सगळं केलं, पाद्री बोलावला, गालिचे सुलटे केले, वर तुला कोट पाठवला. एक बाई एवढं करते ते तू हातात काही घेऊन यावास म्हणून. रिकाम्या हातांनी गेलास तर तिचं ते सगळं फुकट गेलं."

मी त्यांना नको ते बोललो. त्यांची चार मुलं गेली तेव्हा ते कुठे होते, असंही विचारलं. ते म्हणाले, "इथेच. याच कंपनीच्या दुसऱ्या तळावर."

मग आम्ही परत फिरलो. 

दोन डॉलरचे बूट ऑक्टोबरात गेले असते तर. हे लिहून ठेवतो, कारण हे मी कोणाला सांगणार नाही.

२ मार्च, शनिवार

मुकादमाच्या बायकोने निरोप पाठवला, गालिचा पुढच्या शनिवारपर्यंत हवा, पाहुणे यायचे आहेत. दिवाणखान्यात घालणार आहे. पाहुण्यांचे बूट येतील त्यावर, बर्फासकट. तिच्याकडे गालिचे आठवडाभर सुलटेच असतात.

कोट घोट्यापर्यंत यायचा. चालताना ती तो दोन्ही हातांनी वर धरायची, चिखल लागू नये म्हणून.

५ मार्च

आज संध्याकाळी सगळ्यांसमोर बसलो आणि लाल काढायला लागलो. एक टोक धरलं की पट्टी सरसर निघते, भरायला आठवडा लागतो, काढायला घटका. साडेसहा गुलाब. पट्ट्या हाताने सरळ करून गुंडाळल्या आणि तंबाखूच्या डबीत दोरीशेजारी ठेवल्या. डबी भरली, मग उशीच्या खोळीत.

क्लेम बघत होता. म्हणाला, "अरे वेड्या, बारा डॉलर!"

"माहीत आहे."

"मग भोकं बुजवणार कशाने?"

मी खोळ बांधून ठेवली. तेवढ्यात वरून एक मोजा माझ्या डोक्यावर पडला. लांब, तपकिरी, जाड लोकरीचा. मग दुसरा. "घे. उजवा पाय तसाही सुजलेला आहे. बाईंना सांग, खास सुगंधी गुलाब आहेत." मग गळ्यातला मफलर, तोही तपकिरी. त्यानंतर कोणी काय काय फेकलं, मी मान वर केली नाही. इसॉकाकांनी त्यांच्या स्वेटरची एक बाही कापून दिली. ती अंगावर चढण्यासारखी होती.

८ मार्च, शुक्रवार

गालिचा दिला. मुकादम स्वतः न्यायला आला. दिव्याखाली उलगडला.

"हे काय रे? गुलाब का कांदे?"

"गुलाब."

"लाल सांगितले होते. लाल होते, मी मागच्या आठवड्यात पाहिले होते की डोळ्यांनी!"

"रंग फसला."

"फसला? भरलेला रंग फसतो?" माझ्याकडे बघितलं, मग इसॉकाकांकडे. काका करवतीचे दात घासत होते, मान वर केली नाही. "बायको म्हणेल सुकलेली फुलं आणलीत. काम चांगलं आहे, पण बारा नाही द्यायची ती. सात."

"सात द्या."

"घासाघीस पण करत नाहीस?"

"नाही."

त्याने गालिचा गुंडाळला, उलटी बाजू बाहेर. बर्फ पडत होता म्हणून असेल. मला ते बरं वाटलं.

९ मार्च, शनिवार

उद्या कुत्र्यांची गाडी जाते. किझायाला पत्र लिहिलं, आईला वाचून दाखवायला. लिहिलं की मी शेवटपर्यंत टिकलो आहे, नदी मोकळी होईपर्यंत टिकेन. लिहिलं की कोट पोचला आणि गुलाब इतके लाल झाले की मुकादम बघतच राहिला. हूक घेऊन येतो, आता तो आईच्या हातात देईन, तिचाच आहे. लिहिलं की आईच्या पायांना जपा.

ड्रुसीचं काय लिहावं यावर दिवा मालवायची वेळ आली. नाव नाही लिहिलं तर आईला कळेल की मला कळलंय, आणि मग तिने एकटीने तोलून धरलेलं तिच्या हातून सुटेल. मी घरी जाईपर्यंत ते तिच्याकडे तसंच राहू दे. पाठवलेले पैसे कशावर खर्च करायचे ते तिला माहीत आहे. वसंतात जमीन मऊ होईल.

दोरी डबीतून काढली, गाठीपासून गाठीपर्यंत पुन्हा एकदा बोटांवर घेतली आणि परत ठेवली. मग पत्राखाली लिहिलं: ड्रुसीच्या बुटांसाठी, टोकाला जागा ठेवून, सात डॉलर.